बैठकीची वेळ

पहाटे साडेपाच

चहाला उकळी येईपर्यंत कालचे फॉर्म चाळून होतात. फॉर्म दोन पानी आहे. गाव, तालुका, तारीख, बैठक कितवी, विषय कोणता, बायका किती, पुरुष किती, पंचविशीच्या आतले किती, तपासणीच्या चिठ्ठ्या किती दिल्या, निरोध किती वाटले, फोटो जोडला का. शेवटी शेऱ्याला दोन ओळी, त्याही इतक्या आखूड की ‘समाधानकारक’ लिहिलं की संपल्या. वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘वेळ’ असा एक रकाना आहे. भरणारा तो भरतो, तपासणारा त्यावरून नजर फिरवतो आणि कॉम्प्युटरवर माहिती चढवताना तो गळतो, कारण वरच्या कार्यालयाच्या तक्त्यात त्याला जागाच ठेवलेली नाही.

माझं काम देखरेखीचं. बिदर जिल्ह्यात आणि कलबुर्गीच्या लगतच्या गावांत एचआयव्ही, नवरा-बायकोचं नातं, मारझोड, दारू, मुलींच्या लग्नाचं वय अशा विषयांवर गावकऱ्यांच्या संवाद-बैठका होतात. भाषण नाही. गोल बसायचं, खेळ खेळायचे, नाटुकलं करायचं आणि त्यातून बोलतं व्हायचं, अशी पद्धत. त्या ठरल्याप्रमाणे होतात का आणि त्यांतून कुठे काही हलतं का, हे मी बघते. बैठक घेणारे वेगळे, त्यांना आम्ही संवादक म्हणतो. मी त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. या नोकरीत केस पिकल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. बैठकीत काय बोलणं झालं हे विचारण्याआधी ती किती वाजता झाली ते विचारावं. कोण येणार, कोण गप्प बसणार, कोण अर्ध्यातून उठणार, हे बरंचसं घड्याळच ठरवून टाकतं.

सव्वासात

बिदरच्या नौबाद स्टॉपवर भालकीची गाडी भरूनच येते. निम्म्याहून जास्त बायका. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि सरकारी साध्या गाडीत बायकांना भाडं उरलं नाही. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. माझ्याबरोबर आज आलेला पुरुषांचा संवादक पैसे मोजतो आणि रोजचाच विनोद करतो, “ताई, तुमच्या समानतेत आमचा खिसा फाटायलाय.”

या तिकिटाचा आमच्या कामाशी काय संबंध, असं एका पाहुण्यांनी मला विचारलं होतं. संबंध असा, की बिदरच्या एआरटी केंद्रातून एचआयव्हीच्या उपचाराच्या गोळ्या आणणाऱ्या बाईला पूर्वी घरात भाड्याचे पैसे मागावे लागायचे, आणि पैसे मागितले की कारण सांगावं लागायचं. ज्या घरात सासूला काही माहीत नाही तिथे हे कारण दर वेळी नवं शोधायचं. आता ती उठते आणि जाते. आमच्या एकाही फॉर्ममध्ये याची नोंद नाही, कारण हे आमच्या कार्यक्रमाने केलेलं नाही.

मात्र फुकटच्या प्रवासाची हद्द राज्यापुरती, आणि इथली माणसं राज्याच्या हद्दीत राहत नाहीत. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ सालापर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे आजच्या महाराष्ट्राकडे गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्राकडे गेलं, उरलेलं बिदर म्हैसूर राज्यात आलं. सोयरिकी मात्र जुन्या नकाशावरच चालतात. मुलगी देवणीची, सासर भालकी तालुक्यात, बाळंतपण उदगीरला. तिची तपासणी महाराष्ट्राच्या रजिस्टरात, नवऱ्याची झालीच तर कर्नाटकाच्या. दोन राज्यं, दोन एड्स नियंत्रण संस्था, एकच अंथरूण. आणि बरेच जण मुद्दाम पलीकडे जातात, कारण भालकीच्या दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी भेटतंच.

नौबाद म्हटलं की बाहेरच्यांना आमची कारेज आठवते. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, जमिनीखालून खोदून आणलेला पाण्याचा बोगदा, त्याला मधेमधे हवा-उजेडासाठी उभे झरोके. २०२० साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉचच्या यादीत दख्खनच्या जुन्या पाणीव्यवस्थांचं नाव आलं. आमचे बंगळूरचे पाहुणे आले की आधी कारेज बघतात, मग किल्ला बघतात, मग जेवतात. गावात पोचायला अडीच-तीन वाजतात. त्यांना बैठक दाखवायची तर ती तीनला ठेवावी लागते. पाहुणे वर्षातून दोन-तीनदा येतात, पण तीनची वेळ कायमची होऊन बसली. ऑफिसची गाडी सहाला परत यायला हवी, हे दुसरं कारण. गावाने ही वेळ कधी मागितली नव्हती.

साडेनऊ

भालकीचा तालुका दवाखाना. एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र मागच्या अंगाला आहे, दारावर पाटी लहान. समुपदेशक बाई माझ्यापुढे चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवतात. आमच्या बैठकीत जो तपासणीला तयार होतो त्याला संवादक चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता क्रमांक. अर्धा तुकडा आमच्याकडे, अर्धा माणसाकडे. तो तपासणीला आला की त्याचा तुकडा इथे जमा होतो. मी दोन्ही तुकडे जुळवते. दिलेल्या चिठ्ठ्या नेहमी जास्त, पोचलेल्या कमी. वरच्या तक्त्यात ‘दिलेल्या’ जातात. पोचलेल्यांचा आकडा मागा, असं मी कितीदा लिहिलं असेल.

पोचलेल्यांत बायका जास्त. पुरुष थोडे, आणि त्यातले काही बायकोच्या रिपोर्टनंतर ओढून आणलेले. इथेच या सगळ्या प्रकरणाची मेख आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी करायची पद्धत आहे, आणि ती चांगलीच आहे. आईला वेळेवर गोळ्या सुरू झाल्या आणि बाळाला जन्मल्यावर नेव्हिरापिनचं औषध मिळालं, तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली येते. काहीच केलं नाही तर ती पंधरा ते पंचेचाळीस टक्के असते. पण याचा दुसरा परिणाम असा, की घरात सगळ्यांत आधी रिपोर्ट तिचा येतो. जिचा रिपोर्ट आधी, तिने आजार आणला, असा सरळ हिशेब सासरी मांडला जातो. नवऱ्याने तपासणीच केलेली नसते, म्हणून तो निर्दोष.

“गेल्या आठवड्यात एक आली होती,” समुपदेशक बाई सांगतात. “सातवा महिना. तिन्ही किटवर पॉझिटिव्ह. नवरा बाहेर बाकावर बसलेला. मी म्हटलं, तुमचीही करून घेऊ. तर म्हणतो, मला काय झालंय? मी धडधाकट आहे.”

मग काय केलं, विचारलं. बाई हसल्या. “बसवून घेतलं. म्हटलं, बाळाच्या फाइलीला बापाचं रक्त लागतं. खोटं नाही, जोडीदाराच्या तपासणीचा रकाना खरंच असतो. पण नुसता रकाना दाखवून माणूस हलत नाही, फाइल म्हटलं की हलतो.”

मी हे वहीत उतरवून घेते. नाव-गाव न लिहिता. असल्या युक्त्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत सापडत नाहीत.

साडेअकरा

सीमेलगतचं गाव. नाव देत नाही. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. त्यात कुणाच्या लागणीची माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. कायदा नसता तरी नाव दिलं नसतं. इतक्या लहान गावात गावाचं नाव सांगणं म्हणजे माणसाचंच नाव सांगणं.

उन्हाळा लागलाय. ज्वारी निघाली, तूर कधीच घरात आली, आणि ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या टोळ्या पाडव्याच्या मागेपुढे परतल्यात. हैदराबादला मिस्त्रीकामाला असणारे काही जण लग्नसराईसाठी आलेत. गावात पुरुष असण्याचे हेच दोन महिने.

दुपारच्या बैठकीआधी मी जुनी उपस्थिती तपासते. गेल्या महिन्याच्या अंगठ्या-सह्यांच्या कागदावरून चार-पाच नावं निवडायची, घरी जायचं आणि विचारायचं, त्या दिवशी काय झालं होतं? ‘चांगलं सांगितलं’ असं उत्तर आलं की समजावं, बाई एकतर आली नव्हती किंवा झोपली होती.

तिसऱ्या घरी अंगणात चिंचा फोडणं चाललेलं. चाळिशीची बाई, विळीवर बसलेली. मी विचारलं तशी तिने हात थांबवला नाही, नुसतं पायाने थोडी जागा केली. म्हणाली, “घड्याळाचा खेळ खेळलो की.” आणि समोरच्या ढिगातले चिंचोके घेऊन शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडायला लागली. एक गोल बाईचा, एक गोल माणसाचा. पहाट, सकाळ, दुपार, सांज, रात्र अशा खुणा. जितकं काम तितके चिंचोके. पाणी, शेणकूर, भाकरी, लेकरं, खुरपण, सरपण, परत भाकरी. तिच्या गोलात चिंचोके इतके झाले की ते एकमेकांवर चढले. नवऱ्याच्या गोलात सकाळी ढीग, दुपारी ढीग, आणि सांजेनंतर जमीन मोकळी. तिथे तिने बोट टेकवलं. “हितं बगा. हितं पार आहे. हितं ह्यांचं काय काम नाई.”

मग माझ्याकडे बघून, “आन माझं हितं,” म्हणत दुपारच्या खुणेजवळची दोन बोटांएवढी मोकळी जागा दाखवली. “तेवढ्यात तुमची मीटिंग बसती.”

हा खेळ आमच्या संवादकांनी गावोगाव घेतलाय. मोठ्या कागदावर उतरवून त्याचे तक्ते ऑफिसच्या भिंतीवर डकवलेत, सुंदर रंगवून. सांजेनंतरचा पुरुषांचा तो मोकळा भाग त्यांतही स्पष्ट दिसतो. त्याच भिंतीखाली बसून आम्ही पुढच्या तिमाहीच्या बैठका तीनला लावतो.

पाचवीतून शाळा सुटलेल्या त्या बाईने जे अर्ध्या मिनिटात दाखवलं, त्यासाठी आमच्याकडे मूल्यमापन सल्लागार येतात.

दीड

गावच्या आशाताईंकडे जेवण. भाकरी, तुरीचं वरण, कैरीचा ठेचा. पंख्याखाली दहा मिनिटं पाठ टेकली.

तीन

अंगणवाडी. पत्र्याचं छत तापलेलं, दारात चपलांचा ढीग. एकोणीस बायका, पुढे आणखी दोन आल्या. संवादक मुलगी बावीस-तेवीसची, भालकीच्या कॉलेजातून बीए केलेली, शेजारच्याच गावची. मराठी बोलता बोलता एखादी कन्नड म्हण टाकते, लमाण तांड्यावरच्या दोघींसाठी त्यांच्या बोलीतला शब्द वापरते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

मी वहीत एक गोल काढते आणि बसल्या जागेप्रमाणे ठिपके मांडते. जी बोलेल तिच्या ठिपक्यापुढे रेघ. संवादक बोलली की तिच्यापुढे. तासाभराने कागद बघितला की कळतं, बैठक झाली की व्याख्यान झालं. पहिल्या पंधरा मिनिटांत सगळ्या रेघा संवादकपुढेच. मग नाटुकलं सुरू झालं आणि कागद बदलला.

विषय होता, परतलेल्या नवऱ्याला तपासणी करून घे म्हणायचं कसं. एक जाडजूड मावशी नवरा झाली, डोक्याला पदराचाच पटका. दुसरी बायको. बायको म्हणाली, “दवाखान्यात जाऊन याचं का?” नवरा म्हणाला, “कशाला? मी काय गाभण हाय का?” सगळ्या हसल्या. तिसऱ्यांदा बायकोने विचारल्यावर नवऱ्याने हात उगारला. हसणं थांबलं, कारण मावशीने तो अगदी बरोबर उगारला.

संवादकने तिथेच खेळ थांबवून विचारलं, “आता हिनं काय करावं?”

“गप बसावं,” एक.

“भावाला सांगावं,” दुसरी.

“सांगितलं तर म्हणणार, तुला ह्या रोगाचं कसं कळालं? तूच कुठं गेलतीस का?” हे तिसरीने खाली मान घालून सांगितलं. यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग कोपऱ्यातून एक जण, “डॉक्टरनं दोघांला बोलावलंय म्हणावं. बीपी बघायला म्हणावं.” इथे सगळ्याजणींना वाट सापडल्यासारखी झाली. कोणता डॉक्टर, कोणत्या वारी, बरोबर कुणाला न्यावं, एकाच वेळी आठ-दहा आवाज. माझ्या वहीत रेघा मोजता येईनात.

एक ठिपका मात्र सुरुवातीपासून कोरा. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली सून, सासूला चिकटून बसलेली. सासू बोलकी, तिच्यापुढे रेघाच रेघा. सून बोटाने चटईची काडी उसवत होती. तिचा नवरा पुण्याला ड्रायव्हर. या खोलीत तपासणीचं बोलणं जिच्या कामाचं, तिला या खोलीत तोंड उघडता येणं शक्य नाही.

या पद्धतीच्या मुळाशी असं नव्हतं. ॲलिस वेलबर्न यांनी ‘स्टेपिंग स्टोन्स’ हा प्रशिक्षणक्रम युगांडातल्या अनुभवावरून रचला, तो १९९५ साली छापून आला. त्यात गावाचे चार गट करतात: मोठे पुरुष, तरुण पुरुष, मोठ्या बायका, तरुण बायका. प्रत्येक गट आधी आपापल्यात बसतो, मग सगळे समोरासमोर येतात. कर्नाटकातही हा क्रम खेड्यांत वापरला गेला. आमच्या बैठका त्याच घराण्यातल्या. पण चार गटांचे दोन झाले, दोनांचा एक झाला, कारण चार वेळा गाडी पाठवायला परवडत नाही. सासू-सून एकाच चटईवर आल्या त्या अशा.

शेवटची दहा मिनिटं चित्रांची. संवादककडची जुनी चित्रपुस्तिका मी काढून घेतली. तिच्यात शेवटच्या पानावर हाडाचा सापळा झालेला माणूस खाटेवर पडलेला आहे. हे चित्र एके काळी खरं होतं. २०१७ पासून मात्र देशात तपासणी पॉझिटिव्ह आली की लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे, पूर्वीसारखी शरीरातल्या पेशी घटेपर्यंत वाट बघत नाहीत. तीन औषधांची मिळून रोज एक गोळी. ती नेमाने घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागणही होत नाही. सापळ्याचं चित्र बघून घरी गेलेला माणूस तपासणीला कशाला येईल?

सव्वापाच

उपस्थितीचा कागद फिरला. शाईचा पॅड वाळलेला, त्यावर थोडं पाणी. सामूहिक फोटो. फोटोत सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत, असं सूचनापत्रकात आहे. ते मला पटत नाही आणि मी पाठमोरा फोटो काढायला सांगते. या विषयाच्या बैठकीत बसलेल्या बाईचं तोंड कुणाच्या मोबाइलमध्ये फिरावं, हे कशासाठी?

फॉर्मवर ‘पुरुष: ३’ असं लिहिलेलं. कोण तिघे? संवादकने मोजून दाखवले. पंचायतीचे एक सदस्य दारात डोकावून ‘चालू द्या’ म्हणून गेले. खुर्च्या आणून देणारा नववीतला मुलगा. आणि अंगणवाडीच्या सावलीला झोपलेले एक आजोबा. मी तिन्हींवर काट मारली. ती जरा हिरमुसली. “ताई, मिक्स ग्रुप दाखवा म्हणून वरून फोन येतो.” तिचंही चुकत नाही. तिला मानधन बैठकीवर मिळतं.

साडेसहा

डेअरीवर दुधाची रांग. इथे गावातले सगळे पुरुष असतात, पण हातात किटल्या आणि डोक्यात फॅटचा आकडा, बोलायची ही वेळ नाही. संवादक रांगेत फिरून नुसतं सांगतो, “जेवून पारावर या, आठला.” तो पूर्वी ट्रकवर क्लीनर होता. हैदराबाद-सोलापूर-पुणे हमरस्त्यावरचे धाबे, हुमनाबादजवळचे थांबे, बसवकल्याणकडचा सस्तापूर बंगला, सगळं त्याला पाठ. पुरुष त्याला मानतात ते या भूगोलामुळे.

रात्री आठ

मारुतीच्या देवळासमोरचा पार. ऑफिसच्या हिशेबात ही बैठक नाहीच. संवादकाने स्वतःहून सुरू केली, मी तिला नोंदीत बसवायच्या खटपटीत आहे. मी पारावर बसत नाही. बाई दिसली की तिथे फक्त शेतीमालाचे भाव निघतात. मी आशाताईंच्या ओट्यावर, अंधारात, कानावर पडेल इतक्या अंतरावर. मी तिथे आहे हे संवादकाने त्यांना सांगितलेलं असतं. चोरून ऐकायचं नाही, हा आमचा करार.

सुरुवात टिंगलीने झाली. “बायकांच्या मीटिंगीत आमचीच निंदा चालती म्हणं.” संवादक म्हणाला, “व्हय. मग तुमी हितं तुमची बाजू सांगा.” मराठीत सुरू झालेलं बोलणं कन्नडकडे गेलं, ट्रकवाल्यांनी ते दखनीत ओढलं, परत मराठीत आलं.

एकाने विचारलं, डास चावून होतो का. दुसऱ्याने त्याला गप्प केलं, “ते बारकी लेकरं इचारतात, तू दुसरं बोल.” मग दुसरं निघालं. तोडीच्या तळावर काय होतं, कोपीला दार नसतं, मुकादम कसा वागतो. हैदराबादला खोलीत दहा-दहा जण राहतात, पगाराच्या दिवशी काय होतं. निरोध कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत. मग का वापरत नाही? “तितं वापरतो. घरी कसं काढावं? बायको म्हणल, तुला का लागायलंय हे?”

दुपारी अंगणवाडीत एका बाईने जे सांगितलं, तेच हे उलट्या बाजूने. तिने तपासणी म्हटली की तिच्यावर संशय, त्याने निरोध काढला की त्याच्यावर. दोघांनाही एकच भीती आणि दोघं ती वेगवेगळ्या जागी बोलतायत, पाच तासांच्या अंतराने.

दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप प्रांतात याच ‘स्टेपिंग स्टोन्स’ची मोठी चाचणी झाली. ७० वस्त्या, पंधरा ते सव्वीस वयाचे दोन हजार सातशेहून जास्त तरुण-तरुणी. तिचे निष्कर्ष २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. एचआयव्हीची नवी लागण कमी झाली असं आकडे ठामपणे सांगू शकले नाहीत. जननेंद्रियाच्या नागिणीच्या विषाणूची लागण मात्र सुमारे एक तृतीयांशाने घटली. वागणुकीतला बदल दिसला तो पुरुषांत, जोडीदारावर हात उगारल्याचं त्यांनी स्वतःच कमी सांगितलं. बायकांच्या वागणुकीत अपेक्षित बदल आढळला नाही. मला यात नवल वाटत नाही. दुपारच्या खोलीतल्या त्या एकवीस जणींना आणखी किती शिकवायचं? निर्णय ज्याच्या हातात आहे तो त्या वेळी शेतात असतो.

नऊ वाजून गेले तरी पार हलला नव्हता. मारझोडीवर बोलणं आलं तेव्हा दोघे उठून गेले, पाणी प्यायला म्हणून, परत आले नाहीत. उरलेल्यांत एक म्हातारे बापू म्हणाले, “मारावं तं लागतंच कदी कदी.” एक पोरगेला ड्रायव्हर फटकन बोलला, “बापू, तुमी आज्जीला मारलं, ती काय ऐकाय लागली का तुमचं?” सगळा पार हसला. बापूही हसले, मग म्हणाले, “नाई ऐकली, माय.” संवादकाने इथे काहीही भाष्य केलं नाही. उपदेश करायची अशी सोन्यासारखी संधी सोडून देणं फार थोड्यांना जमतं. मी ते वहीत ठळक लिहिलं.

चार जणांनी चिठ्ठ्या घेतल्या, उठताना, हातात हात घालून, तंबाखूची पुडी द्यावी तशा. त्यातल्या एकाने चिठ्ठी उलटसुलट बघून परत केली. “भालकीची नको. उदगीरची हाय का?”

उदगीरची चिठ्ठी आमच्याकडे नसते. उदगीर दुसऱ्या राज्यात.

साडेदहा

आशाताईंच्या यजमानांनी मोटरसायकलवर भालकीपर्यंत सोडलं, पुढे शेवटची गाडी. नौबादला उतरताना कंडक्टरने तिकीट विचारलं नाही, ओळखतो.

फॉर्म दोन भरले. दुपारच्या बैठकीचा सरळ आहे. रात्रीच्या बैठकीसाठी ‘वाहन क्रमांक’ हा रकाना सक्तीचा आहे आणि तो कोरा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. मी मोटरसायकलचा नंबर टाकला. शेऱ्यात लिहिलं: बायकांचे वयाप्रमाणे दोन गट करावेत, पुरुषांची बैठक आठला लावावी, संवादकाच्या मुक्कामाचा खर्च मंजूर करावा, चिठ्ठी उदगीर-लातूरलाही चालेल अशी व्यवस्था दोन्ही राज्यांच्या संस्थांशी बोलून करावी. दोन ओळींत मावलं नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर गेले.

तेवढ्यात संवादकाचा फोन. चिठ्ठी परत करणारा तो माणूस पारावरून उठून त्याच्या मागे मुक्कामाच्या घरापर्यंत आला होता.

“ताई, तो म्हणतो उदगीरला रविवारी जातो. उघडं असतं का?”

“रविवारी बंद.”

“सोमवारी त्याची गाडी भरती. बुधवारी रात्री परत.”

“गुरुवारी सकाळी नऊला जा म्हणावं. उशिरा गेला तर दुपारनंतर तपासणी घेत नाहीत.”

“चिठ्ठीचं काय करू?”

“चिठ्ठी नको. नुसतं जा म्हणावं, तपासणी फुकट आहे. तू बरोबर जातोस का?”

“मी जातो. पण गुरुवारी माझी तीनची बैठक आहे औरादकडं.”

“ती मी बघते,” म्हटलं, “तू जा.”